वाचक विचारतात: गाण्याच्या गावाला तीन दिवस

मागच्या अंकात मी ओघात ग्वाल्हेरचं नाव काय घेतलं, या महिन्यातली निम्मी पत्रं आणि मेसेज त्याच गावाबद्दल आलेत. त्यामुळे कोकण आणि काशीवाल्यांनी एक महिना थांबा, यावेळी फक्त ग्वाल्हेर.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीचे. मी ४८, मिस्टर ५३ आणि सासूबाई ७४. सासूबाई लग्नाआधी गाणं शिकलेल्या, गांधर्वची विशारद झालेल्या, मग संसारात ते राहूनच गेलं, पण अजूनही सकाळी चहा ठेवता ठेवता बिलावल गुणगुणतात. त्यांचं एकच म्हणणं आहे की एकदा तानसेनाच्या समाधीवर डोकं टेकवून यायचं. गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत. मिस्टरांना जेमतेम चार-पाच दिवस सुट्टी मिळेल. दिवाळीत जावं की डिसेंबरमधे? ऑनलाइन बघून बघून डोकं फिरलंय, प्लीज तुम्हीच काय ते सांगा.

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. डिसेंबरमधेच जा, आणि तेही तानसेन समारोहाच्या तारखा धरूनच, कारण नुसती समाधी बघायला गेलात तर दहा मिनिटांत बघून होईल आणि सासूबाई म्हणतील एवढंच होय! खरंच लहानशी आहे हो. त्या बागेत शिरल्यावर समोर जी भली मोठी, जाळ्याजाळ्यांची, घुमटवाली इमारत दिसते ती तानसेनाची नाहीये, ती त्याचे गुरू मानले जातात त्या मोहम्मद गौस यांची. तानसेन बाजूला, एका चौथऱ्यावर, खांबांच्या साध्या मंडपाखाली. माणसं मोठ्या इमारतीसमोर सेल्फी काढून निघून जातात, मी डोळ्यांनी बघितलंय. तिथे एक चिंचेचं झाड आहे, त्याची पानं चघळली की गळा गोड होतो म्हणतात. मूळ झाड केव्हाच गेलं, हे नंतरचं आहे, तरी लोक ओरबाडतातच. मीही चघळलं. आंबट लागतं. गळ्यात काही फरक पडला नाही असं घरच्यांचं एकमत आहे, पण सासूबाईंना एक पान द्याच.

समारोह दरवर्षी डिसेंबरात याच आवारात होतो, १९२४ पासूनची परंपरा धरतात आणि २०२४ मधे शंभरावा झाला. तिकीट नाही, पास नाही, जाऊन बसायचं. तारखा भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खाँ अकादमी जाहीर करते, त्या आल्या की लगेच बुकिंगच्या मागे लागा. आणि एक माझं ऐका, संध्याकाळच्या मोठ्या नावांच्या मैफलींना सगळेच जातात, तुम्ही पहिल्या दिवशीची सकाळ चुकवू नका. शहनाई होते, मग ढोलीबुवा मठाची हरिकथा होते, मग तिथेच मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण होतं आणि चादर चढवतात. एका समाधीवर हरिकथा आणि मिलाद एकामागोमाग, आणि कोणालाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

आता गाडी. पंजाब मेल. १९१२ पासून धावतेय, म्हणजे सासूबाईंच्या सासूबाईंनीही ऐकलेली असणार. सीएसएमटीहून संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सुटते पण तुम्ही डोंबिवलीकर उलटे तिकडे जाऊ नका, कल्याणला चढा. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आसपास ग्वाल्हेर. बुकिंग आता १२० नाही, फक्त ६० दिवस आधी उघडतं, हे अजून पुष्कळांना माहीत नाहीये. आणि लोअर बर्थसाठी एक गंमत आहे, ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्यात पुरुष ६० चे लागतात पण बायका ४५ च्या चालतात, मात्र एका तिकिटावर अशी जास्तीत जास्त दोनच माणसं. म्हणजे तुम्ही आणि सासूबाई एका तिकिटावर त्या कोट्यातून बुक करा, मिस्टरांचं तिकीट वेगळं काढा. ते तिघांचं मिळून काढायला गेले तर तो कोटाच लागणार नाही आणि मग रात्रभर कोणाला तरी विनवण्या करत बसाल की काकू खाली झोपू द्या ना.

धुक्याचं मात्र मनात धरा. जाताना मुंबईकडून जाणाऱ्या गाडीला त्याचा फार त्रास होत नाही, पण परतीला पंजाब-दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या डिसेंबर-जानेवारीत कितीही लेट होऊ शकतात. मी एकदा सहा तास प्लॅटफॉर्मवर काढलेत, वेटिंग रूममधे जागा नव्हती, सुटकेसवर बसून शेंगदाणे खाल्ले. त्यामुळे परतल्याच्या दिवशी मिस्टरांनी ऑफिसात मीटिंग वगैरे ठेवू नये. आणि थंडी! मुंबईकरांचा स्वेटर माळ्यावर असतो आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास येत असतो, तो आत्ताच काढून उन्हात टाका. संध्याकाळचं गाणं उघड्या आवारात मांडवाखाली असतं, रात्री दहानंतर पाय गार पडतात, सासूबाईंना कानटोपी, पायमोजे, गुडघ्यावर टाकायला एक जाड शाल, आणि थर्मास.

दिवसांचं म्हणाल तर शुक्रवारी दुपारी पोचा, शनिवार-रविवार तिथे, सोमवारी सकाळच्या मेलने परत. सोमवारी तशीही म्युझियमं बंद असतात. पोचल्या दिवशी काहीही करू नका, अंघोळ, जेवण, झोप. वीस तास गाडीत काढलेल्या ७४ वर्षांच्या बाईला त्याच संध्याकाळी किल्ल्यावर नेणारे लोक मी बघितलेत, नका करू.

किल्ल्याला दोन वाटा आहेत. पश्चिमेचा उरवाई दरवाजा, तिथून गाडी वरपर्यंत जाते, आणि जाताना डाव्या-उजव्या कातळात पंधराव्या शतकात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती दिसतात, त्यातली आदिनाथांची सर्वात मोठी जवळपास ५७ फुटांची आहे, गाडीच्या काचेतून मान वाकवून बघावी लागते. पूर्वेचा ग्वाल्हेर दरवाजा, तो पायी चढायचा. सासूबाईंना उरवाईने न्या. वर मानमंदिर राजवाडा, राजा मानसिंह तोमरने बांधलेला, हा राजा १४८६ ते १५१६ राज्यावर होता आणि ध्रुपदाला, म्हणजे ख्यालाच्या आधीच्या त्या जुन्या गायकीला, त्याच्याच दरबारात मोठा आश्रय मिळाला. बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या टाइल्स, त्यात एका रांगेत चक्क पिवळी बदकं. पाचशे वर्षांपूर्वीचा राजा, एवढा मोठा लढाऊ किल्ला, आणि भिंतीवर बदकं! आतला भाग सासूबाईंना पहिल्या चौकापर्यंतच दाखवा. तिथे वर जाळ्या आहेत, त्यांच्यामागे बसून राण्या गाणं शिकायच्या असं गाइड सांगतात. खाली तळघरात अंधारे अरुंद जिने आहेत, तिथे औरंगजेबाने आपल्या सख्ख्या भावाला, मुरादबक्षला कैदेत ठेवलेलं आणि १६६१ मधे मारलं, ते तुम्ही दोघं बघून या, तोवर त्या बाहेर उन्हात बसतील. मग सासबहू मंदिर, तेली का मंदिर आणि दाताबंदी छोड गुरुद्वारा, सगळीकडे गाडी जाते. गुरुद्वाऱ्यात लंगरमधे जेवा, सासूबाईंना खाली बसायला जमणार नसेल तर सेवेकऱ्यांना सांगा, ते सोय करतात.

उतरताना मात्र सासूबाईंना ड्रायव्हरबरोबर गाडीने खाली पाठवा आणि तुम्ही दोघं ग्वाल्हेर दरवाज्याच्या वाटेने चालत उतरा. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: मॅडम मी २६, अंधेरीला जॉब. आम्ही चार मित्र, लाँग वीकेंड, ३ दिवस. ग्वाल्हेर, आग्रा, ओरछा आणि खजुराहो सगळं कव्हर होईल का? एकाने आयटिनररी बनवलीये त्यात पहाटे ४ ला उठायचं आहे रोज.

उत्तर: होईल की. गाडीच्या काचेतून. घरी येऊन कोणी विचारलं काय बघितलं, तर ढाबे सांगाल.

बाळांनो, आग्रा काढा, खजुराहो तर काढाच. ग्वाल्हेर दोन रात्री राहा आणि मधला अर्धा दिवस मुरैनाच्या बाजूला मितावली, पडावली आणि बटेश्वरला द्या, साधारण ४० किलोमीटर आहे. मितावलीला टेकडीवर चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर आहे, बघितल्याबरोबर जुनी संसद आठवते. आणि बटेश्वर म्हणजे दोनेकशे छोट्या मंदिरांचा समूह, पार कोसळून दगडांचा ढीग झालेला, आणि आजूबाजूला चंबळचे डाकू. पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी २००५ च्या सुमारास काम हातात घेतलं ते त्या भागातल्या डाकूंशी बोलणी करून, मग एकेक दगड जुळवत पुष्कळ मंदिरं पुन्हा उभी केली. तुमच्या वयाला हे ताजमहालापेक्षा जास्त आवडेल, पैज.

आणि किल्ल्यावर तुम्ही पायीच चढा, पूर्वेकडून. त्या चढावावर, कातळात कोरलेलं एक चतुर्भुज मंदिर आहे, इतकं लहान की लोक त्याच्या पायरीवर बसून चिप्स खातात आणि आत वाकूनही बघत नाहीत. आत भिंतीवर शिलालेख आहे, इसवी सन ८७६ चा. त्यात लिहिलंय की देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, आणि रोज ५० माळा द्यायच्या. आता त्या २७० आणि ५० मधलं शून्य बघा. बाकीच्या आकड्यांपेक्षा जरा बारीक, थोडं वर, एक गोल टिंब काढावं तसं. भारतात दगडावर कोरलेलं, तारखेसकट, स्थान-किमतीसाठी वापरलेलं एवढं जुनं शून्य फार थोड्या ठिकाणी सापडतं, आणि ते कोणा पंडिताच्या ग्रंथात नाही, माळ्याच्या हिशोबात आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दाराला कुलूप होतं, गजांतून मोबाइलचा टॉर्च मारून बघावं लागलं, दुसऱ्यांदा चौकीदाराला विचारलं तर त्याने हसत हसत उघडून दिलं. उरवाईने गाडीने वर-खाली करणाऱ्यांना हे मंदिर लागतच नाही.

पहाटे चारला फक्त मीच उठते, तेही दूधवाल्यामुळे. तुम्ही सातला उठा.

प्रश्न: बायकोला गाण्याची आवड, मला ताल आणि टाळ यातला फरक कळत नाही. तिच्याबरोबर गेलो तर मी तीन दिवस करू काय? आणि हे ग्वाल्हेर घराणं ग्वाल्हेर घराणं म्हणतात ते नक्की असतं काय, रागावू नका. — विलेपार्ल्याहून एक नवरा

उत्तर: रागावत नाही, उलट कौतुक वाटलं, निम्मे नवरे मान डोलवून झोपतात.

अगदी घरगुती भाषेत सांगते. ख्याल गाण्याची जी घराणी आहेत त्यातलं हे सगळ्यात जुनं समजतात, बाकीच्या पुष्कळ घराण्यांचं मूळ शोधत गेलं की इथेच येतं. आवाज मोकळा, गळा दाबून वगैरे नाही. राग बहुतेक ओळखीचेच, यमन, भूप, बिहाग, भैरव. बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, आधी सरळ पूर्ण म्हणून दाखवायची, अस्थायी आणि अंतरा हे तिचे दोन्ही भाग, मगच पुढचा पसारा. लय फार संथ नाही, त्यामुळे तुमच्यासारख्याला पहिल्या पाच मिनिटांत जांभई यायचं कारण नाही. मग बोल-ताना, म्हणजे शब्द घेऊन केलेल्या ताना, आणि सपाट सरळ ताना, जिना उतरावा तशा. आणि टप्पा, तो तर इथला खास, एकेका शब्दावर इतक्या बारीक हरकती की ऐकताना वाटतं गाणाऱ्याला श्वास लागत नाही का. मालिनी राजूरकरांचा टप्पा लावून बघा जायच्या आधी. आणि द. वि. पलुसकर, गेले तेव्हा जेमतेम ३४ वर्षांचे होते, त्यांचं गाणं इतकं स्वच्छ आहे की ज्याला काही कळत नाही त्याने तिथूनच सुरुवात करावी. लोकलमधे रोज एक, पार्ले ते चर्चगेट, पंधरा दिवस. पुरे.

आता गंमत ऐका. हे गाणं ग्वाल्हेरहून इकडे आणलं ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. वासुदेवबुवा जोशी ग्वाल्हेरचे, हस्सू खाँसाहेबांकडे शिकलेले, त्यांच्याकडे बाळकृष्णबुवांनी विद्या घेतली आणि ती कृष्णाकाठी आणली. मिरजेला त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले, लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेला मुलगा. त्यांनी १९०१ मधे लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मधे मुंबईला. म्हणजे वरच्या डोंबिवलीच्या सासूबाईंनी जी गांधर्वची विशारद दिली ती याच धाग्याचं टोक. तुमच्या बायकोच्या क्लासच्या भिंतीवर फेटेवाल्या बुवांचा फोटो असेल ना, बहुतेक तेच.

एक ऐकीव गोष्ट, खरी-खोटी देव जाणे. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ हे दोघे भाऊ, ग्वाल्हेर दरबारी. बडे मोहम्मद खाँ म्हणून मोठे गवई होते, त्यांची गायकी महाराजांना आपल्या पोरांनी उचलायला हवी होती, पण ते शिकवणार थोडेच. तर म्हणे महाराजांनी या दोघांना कितीतरी महिने पडद्याआड बसवून त्यांचं गाणं ऐकवलं आणि यांनी ते जसंच्या तसं उचललं. बडे मोहम्मद खाँना हे कळल्यावर त्यांनी भर दरबारात गोड बोलून हस्सू खाँना एक भयंकर अवघड तान पुन्हा घ्यायला लावली, कडक बिजलीची तान, ती घेताना बरगडी मोडली आणि त्यातच ते गेले. गाण्यातले लोक ही गोष्ट अशी सांगतात जणू परवाच झालीये. हा असा मसाला तुम्हाला नक्की आवडेल.

आणि तुम्ही करायचं काय तर जीवाजीगंजमधे सरोद घर बघा, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं जुनं घर, आता वाद्यांचं म्युझियम आहे. तिथे कळायला काही लागत नाही, जुनी सरोदं आणि तंबोरे बघायचे. मधला चौक शांत आहे. बायको एकेका वाद्यापुढे थांबत जाईल तोवर तुम्ही तिथे नुसते बसा.

प्रश्न: माझं वय ७०, गिरगावात आयुष्य गेलं. लहानपणी ग्वाल्हेरच्या एक आत्या यायच्या, त्यांचं मराठी ऐकून आम्ही हसायचो. अजून तिथे आपली माणसं आहेत का? शिंद्यांचं काय काय बघता येईल?

उत्तर: काका, आहेत तर. कमी झालीत, पोरं पुण्या-बंगळूरला गेली, पण आहेत. मराठी हिंदीच्या चालीवर बोलतात, आपल्याला जरा जुनं आणि गोड वाटतं. आता हसू नका, आपलं मुंबईचं मराठी ऐकून तेही मनात हसतात.

तुम्ही लष्कर भागात उतरा. दौलतराव शिंद्यांनी १८१० मधे तिथे छावणी टाकली, फौजेचे तंबू पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत, तंबूंचं शहर झालं आणि नाव राहिलं लष्कर. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडची माणसं ही, कुठून कुठे गेली बघा. दौलतगंज, माधवगंज, जीवाजीगंज, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अख्खी वंशावळ म्हणून होते. महाराज बाड्यावर संध्याकाळी उभं राहावं, चारी बाजूंनी वेगवेगळ्या घाटाच्या इमारती, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, आणि मधे नुसता गोंगाट.

जयविलास पॅलेस १८७४ चा, जयाजीरावांनी बांधला. दरबार हॉलमधे दोन झुंबरं आहेत, एकेक साडेतीन टनांचं. छत पेलेल का बघायला आधी वर हत्ती चढवले म्हणतात, आठ की दहा ते ज्या त्या गाइडवर अवलंबून. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी, पाहुण्यांपुढे दारू आणि सिगार घेऊन जायची. तिकीट जरा महाग वाटेल आणि चालणं आहे, पण बघाच. मग तिथून जवळच फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जून १८५८ मधे त्या ग्वाल्हेरलाच पडल्या, आणि तेव्हा जयाजीराव इंग्रजांच्या बाजूने, आग्र्याला निघून गेलेले. झुंबरं बघून लगेच समाधीवर गेलं की पोटात कसंतरी होतं, मला तरी झालं. त्यामुळे मी दोन्ही एकाच दिवशी बघा असंच सांगते. गाइड या विषयावर गुळमुळीत बोलतात, तुम्ही छेडू नका.

प्रश्न: येताना काय आणावं? साडी सोडून सांगा.

उत्तर: गजक. मुरैनाची. तीळ आणि गूळ कुटून कुटून अशी करतात की तोंडात टाकली की विरघळते, आपल्या चिक्कीसारखी दाताशी भांडत नाही. हिवाळ्यातच चांगली मिळते. गुळाची घ्या, साखरेची नको. सकाळी नाश्त्याला बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी खा, वर जिलबी. आणि गजकचा डबा बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवा, वर ठेवलात तर कल्याणला पोचेपर्यंत तिळाचा भुगा होतो. मी दोनदा भुगाच वाटलाय शेजारी, चमच्याने.